'सून' म्हणजे नक्की कधी?

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी क्लायंटचा मेल आला, तो बग कधी फिक्स होणार? मी सवयीने उत्तर ठोकून दिलं, 'सून'. (घरातली सून नव्हे हो, इंग्रजीतलं क्रियाविशेषण!) पाच मिनिटांत उलट मेल, सून म्हणजे कुठली तारीख? प्रश्न रास्त होता. बग सोमवारी मिटला, पण त्या शब्दाने माझा अख्खा वीकांत खाल्ला. शब्दकोश उघडून बसलो आणि जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सोना' असा होता आणि त्याचा अर्थ होता 'ताबडतोब'. लवकरच नाही, थोड्या वेळाने तर नाहीच. अगदी लगेच. तिथून तो घसरत घसरत आजच्या 'बघू, होईल' पर्यंत आला.

बरं, घसरणारा हा एकटाच नाही. 'अनॉन' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'एकात' अशा अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला, म्हणजे एका दमात, तडक. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात (छापलं गेलं १५९८ मध्ये) फ्रान्सिस नावाचा दारूच्या गुत्त्यातला पोऱ्या आहे. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवतो आणि त्याचा मित्र दुसऱ्या खोलीतून हाका मारतो. बिचारा नुसता 'अनॉन, अनॉन' म्हणत राहतो, पण जागचा हलत नाही. आपल्या हॉटेलातलं 'आलो साहेब!' तुम्हीही ऐकलंच असेल. शब्दाचा अर्थ कसा झिजतो हे याहून चांगलं कोण दाखवणार?

१६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तर गंमतच आहे. येशूच्या शब्दाने अंजिराचं झाड 'प्रेझेंटली' वाळतं, म्हणजे तिथल्या तिथे. मार्कच्या शुभवर्तमानात हेरोदियेची मुलगी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर मागते, तेही 'बाय अँड बाय'. आजच्या वाचकाला वाटेल, 'सवडीने द्या' म्हणतेय. प्रत्यक्षात तिला ते आत्ताच्या आत्ता हवं होतं! शेवटी १८८१ च्या सुधारित नव्या करारात तिथे 'फोर्थविथ' घालावं लागलं.

असं का होतं? माझ्या मते दोष शब्दाचा नाही, बोलणाऱ्यांचा आहे. 'लगेच' म्हणायचं आणि अर्ध्या तासाने करायचं. ऐकणारा दोन-चारदा फसतो, मग 'लगेच' म्हणजे अर्धा तास हे शिकून घेतो. नोटा जास्त छापल्या की रुपयाची किंमत उतरते, तसंच हे. मग नवीन कोरी नोट काढावी लागते. 'इमिजिएटली' ही अशीच एक. तिचा मूळ लॅटिन अर्थ 'मध्ये काहीच नाही' असा. तीही आता ऑफिसच्या मेलमध्ये मळायला लागली आहेच म्हणा.

इथवर सगळं गमतीचं. पण हीच सैल जागा कायद्यात शिरली की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मग प्रश्न आला, बदल कधी करायचा? ३१ मे १९५५ च्या निकालात तारीख नव्हती. होते ते क्रियाविशेषणाचं काम करणारे चार शब्द, 'विथ ऑल डेलिबरेट स्पीड'. म्हणजे वेगाने, पण विचारपूर्वक. दक्षिणेतल्या राज्यांनी 'वेग' सोडला आणि 'विचार' धरून ठेवला. १९५५ साली पहिलीत गेलेलं मूल १९६७ मध्ये बारावी संपवून बाहेर पडलं, आणि दक्षिणेत अशा असंख्य मुलांनी ती बारा वर्षं वेगळ्या शाळेतच काढली.

ऑक्टोबर १९६९ मध्ये मिसिसिपीतल्या शाळांचा 'अलेक्झांडर' खटला आला. सरकार अजून मुदत मागत होतं. न्यायालयाने एकमताने सांगितलं, पुरे झालं. या वेळचे शब्द होते, 'ॲट वन्स'. चौदा वर्षांनी 'लवकर'चं 'आत्ता' झालं.

मला यात एकच गोष्ट टोचते. 'सून' म्हणणाऱ्याचं काही अडलेलं नसतं, अडलेलं असतं ते ऐकणाऱ्याचं. म्हणून हा शब्द बोलणाऱ्याला इतका सोयीचा वाटतो. माझ्या बगमुळे कोणाचं आयुष्य अडलं नव्हतं, मान्य. पण समोरचा माणूस शुक्रवारी रात्री खोळंबला होताच की.

असो. सोमवारपासून मेलमध्ये तारीख आणि वेळ लिहायला लागलोय. चुकली तर चुकली, निदान चुकली हे कळतं तरी. 'सून' कधी चुकतच नाही, तीच त्याची लबाडी.

आता थांबतो. आईने जेवायला तिसरी हाक मारलीय आणि मी दोनदा 'आलोच' म्हणून झालंय!