हुकलेला सौदा

वर्धा मार्गाने नागपूर सोडले की सोनेगावचे विमानतळ मागे पडते न पडते तोच मिहानचा विस्तार सुरू होतो. २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांची शिवारे या प्रकल्पात गेली. आज तेथे संगणक कंपन्यांची संकुले आहेत, रुंद रस्ते आहेत आणि एम्सची भव्य इमारत आहे. त्या रुग्णालयात आमच्या एका वृद्ध आप्तांना तपासणीसाठी नेण्याचा प्रसंग आला. वय नव्वदीच्या घरात. आयुष्य अजनीच्या रेल्वे वसाहतीत गेलेले. गाडीच्या खिडकीतून ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "इथं तित्तर उठायचे." मग थोडे थांबून त्यांनी आपली नेहमीची हळहळ बोलून दाखवली : "चारशे रुपयांत देत होता बाप्पा! अन् मी नाही म्हटलं."

ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १९६६ च्या सुमारास त्यांचा एक अँग्लो-इंडियन सहकारी, इंजिनचालक आणि रविवारच्या मिस्साचा सोबती, ऑस्ट्रेलियास निघाला होता. घरातले सामान विकता विकता त्याने रिगबीची २७५ बोअरची रायफल पुढे केली. चारशे रुपये म्हणजे आमच्या आप्तांचा तेव्हाचा दोन महिन्यांचा पगार. त्यांनी नकार दिला आणि रायफल तिसऱ्याच कोणाकडे गेली.

अशी हळहळ नागपुरात, किंबहुना सबंध मध्य प्रांतात, अनेक घरांतून ऐकू येते. त्यास इतिहास आहे. १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅप्टन फोर्सिथ यांच्या ग्रंथाने सातपुड्याची जंगले इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांपुढे उभी केली, १९२३ साली डनबर ब्रँडर यांनी येथील वन्य प्राण्यांवर पुस्तक लिहिले, आणि या प्रदेशाचे नाव शिकारीच्या नकाशावर पक्के झाले. वनाधिकारी, रेल्वेचे लोक, मालगुजार, सारेच बंदुका बाळगून. स्वातंत्र्यानंतरही हा ओघ थांबला नाही. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांची 'अ‍ॅल्विन कूपर' ही शिकार-कंपनी परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीसाठी मध्य भारतातील जंगलांत नेत असे.

रायफलींचे बोअरही राजकारणाने ठरवले होते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. लष्कराची ३०३ खासगी माणसाच्या हाती नको, म्हणून ३१५ बोअरची क्रीडा-रायफल आली. तीच पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली. ४५० बोअरच्या रायफलींची आयात १९०७ साली बंद झाली, कारण त्यांची गोळी सरहद्दीवर फिरणाऱ्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस उपयोगी पडेल ही धास्ती. विलायतेतल्या कारागिरांनी मग ४६५ आणि ४७० बोअर काढले. राज्यकर्त्यांच्या भीतीतून अशी शिकारीची नवी हत्यारे जन्मास आली, हा इतिहासाचा एक गमतीदार विनोदच म्हणावयाचा. त्याच १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांस रिगबीची २७५ बोअरची रायफल भेट मिळाली. आमच्या आप्तांनी गमावलेली रायफल त्याच घराण्यातली. हे त्यांना पुढे कोणीतरी सांगितले आणि जखमेवर मीठ चोळले गेले.

पण आम्हांस विचारावेसे वाटते : हा सौदा खरोखर स्वस्त होता काय?

हिंदुस्थानात रायफलीची किंमत तिच्या पोलादाची कधीच नव्हती; ती परवान्याची होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने एतद्देशीयांस परवाना सक्तीचा केला. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोकांस मात्र नियमांनी सूट दिली होती. हा वंशभेद १९२० च्या नियमांनी दूर केला. ही बोच एवढी खोल होती की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. स्वराज्यात १९५९ चा कायदा आला, १९६२ पासून अमलात आला, आणि परवाना राहिलाच. आमच्या आप्तांना नकार द्यावा लागला तो पैशांसाठी नव्हे. चारशे रुपये त्यांनी पतपेढीतून उचलले असते. कचेरीत अर्ज, पोलिसांचा अहवाल, साहेबाची मर्जी, यांतून परवाना हाती येईपर्यंत इंजिनचालकाचे जहाज सुटले असते. विकणाऱ्यास घाई आणि घेणाऱ्यास परवाना नाही, म्हणूनच तर किंमत चारशेवर आली होती. ज्याच्यापाशी परवाना आधीपासून होता त्यालाच तो सौदा स्वस्त होता.

पुढच्या काही वर्षांत रायफली आणखी स्वस्त झाल्या. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत वाघ अवघे १,८२७ भरले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. काही लहानसहान शिकारीस परवान्याने वाव उरला होता, तो १९९१ च्या दुरुस्तीने जवळपास संपला. इकडे इंग्लंडात कायनॉक कारखान्याने मोठ्या शिकारीची काडतुसे काढणे १९७० च्या सुमारास थांबवले. ज्या रायफलीला जंगल नाही आणि काडतूसही नाही, ती भिंतीवरची शोभा. त्या काळात भारी विलायती रायफली पडेल त्या भावाने गेल्या असे जुने लोक सांगतात, आणि ते खोटे वाटत नाही.

मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यास खासगी आयातीस कुलूप लागले आणि चक्र उलटे फिरले. नवी विलायती रायफल येणे बंद झाल्यावर जुनीला सोन्याचा भाव आला. हळहळीचा जन्म खरा तेथून. १९६६ साली नकार देणाऱ्यास वीस वर्षे कसलेही दुःख नव्हते. दुसऱ्याच्या तोंडून आजचा भाव ऐकल्यावर त्याची झोप उडाली.

ज्यांनी त्या वेळी सौदा साधला, त्यांचे काय झाले हेही पाहावे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात अशी दुनळी रायफल होती. कर्त्या पुरुषाचे निधन झाले आणि परवाना त्याच्याबरोबर गेला. कायद्याप्रमाणे हत्यार ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणे भाग. विधवेने ते विक्रेत्याकडे ठेवले. मुलांपैकी कोणास परवान्याची खटपट करावीशी वाटली नाही, दरवर्षी ठेवणावळ मात्र चढत गेली. दरम्यान एका माणसास किती हत्यारे बाळगता येतील त्यावर १९८३ च्या दुरुस्तीने तीनची आणि २०१९ च्या दुरुस्तीने दोनची मर्यादा आणली, त्यामुळे गिऱ्हाईकही कमी झाले. हौशी संग्राहकाचे दोन आधीच भरलेले. शेवटी ठेवणावळ वळती करून जे हाती आले त्यातून त्या बाईंनी घराचे छप्पर दुरुस्त केले. रायफलीचा भाव लाखांत बोलतात, तो खरा असेलही. त्यांच्या हाती तो आला नाही.

आम्ही ही हकीकत परतीच्या वाटेवर आमच्या आप्तांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. खापरीचा पूल येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग विचारले, "छप्पर कौलारू होतं का पत्र्याचं?"

पत्र्याचे, आम्ही म्हटले.

"मग चारशेच्या वर नक्की आले असतील," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.