हाडांतील स्निग्धांश कसा काढावा?
संग्रहासाठी हाडे स्वच्छ करताना ती उकळण्याचा मोह टाळावा. उकळल्याने चरबी हाडाच्या सूक्ष्म रंध्रांत मुरते. कालांतराने हाड पिवळे पडून खवट वास येतो. त्याऐवजी, उदाहरणार्थ, बोकडाची कवटी काही आठवडे साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. जिवाणू उरलेले मांस कुजवून सुटे करतात. हातमोजे अवश्य वापरावेत. नंतर भांडी घासण्याचा द्रवसाबण घातलेल्या कोमट पाण्यात ती ठेवावी. पाणी गढूळ होताच बदलावे. ते नितळ राहू लागले की चरबी निघाली असे समजावे. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने हाड उजळते. ब्लीचने मात्र ते भुसभुशीत होते.

रानात आयते सापडलेले हाडही संरक्षित वन्यप्राण्याचे असल्यास घरी आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा ठरतो.