कात्री आणि साक्ष

चित्रपटाच्या संकलकाला मराठीत आपण जे नाव दिले आहे, त्यात त्याचे निम्मेच काम येते. संकलन म्हणजे गोळा करणे. पण संकलक ठेवतो थोडे आणि टाकतो फार. कोणता तुकडा घ्यावा, कोठे तोडावा, कशाशेजारी जोडावा, हे त्याच्या हाती असते. एवढ्या अधिकाराबरोबर जबाबदारी कोणती येते, हे रशियातील एस्फिर शुब या बाईंच्या कामावरून आपण पाहू.

शुबबाई १९२२ पासून मॉस्कोत परदेशी चित्रपटांची काटछाट करून ते सोव्हिएट प्रेक्षकांसाठी नव्याने बांधीत. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीला दहा वर्षे होत आली, तेव्हा त्यांनी जुन्या वार्तापटांतून त्या काळाचा इतिहास उभा करण्याचे ठरविले. लेनिनग्राडमधील दमट तळघरांत फिती खराब होत पडल्या होत्या. बाईंनी सुमारे ६०,००० मीटर फीत डोळ्यांखालून घातली आणि १९२७ साली ‘रोमानोव्ह घराण्याचे पतन’ हा चित्रपट तयार झाला. त्याची लांबी दीड हजार मीटरांच्या आसपास, म्हणजे चाळीस भागांतला एक भाग!

त्यातील एक जोड प्रसिद्ध आहे. जहाजावर सरदारमंडळी घाम येईपर्यंत नाचत आहेत. लगेच पुढे घाम गाळून माती खणणारे शेतकरी दिसतात. दोन्ही दृश्ये खरी. त्यांचे शेजारपण मात्र बाईंचे. झारचे वैभव दाखविण्यासाठी टिपलेली चित्रे अशी झारविरुद्धच साक्ष देऊ लागली.

मग याला इतिहास म्हणावे की वकिली? आमच्या मते, दोन्ही. बाई आपल्या सरकारच्या पक्षाच्या होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दृश्ये त्यांनी पुरेशी लांब ठेवली. प्रेक्षकास माणसे नीट न्याहाळता यावीत, ही त्यामागची दृष्टी. नटाकडून लेनिन वठवून घेणे त्यांना मान्य नव्हते. आयझेनश्टाइन यांनी ‘ऑक्टोबर’साठी (१९२८) हिवाळी राजवाड्यावरील हल्ला नव्याने रचून चित्रित केला, आणि पुढे तीच दृश्ये लोकांपुढे अस्सल म्हणून आली.

संकलकाला मत नसावे, असे आमचे म्हणणे नाही. पण साक्षीदाराच्या तोंडी त्याने आपले शब्द घालू नयेत. टाकून दिलेल्या फितीबद्दल प्रेक्षक कधी विचारीत नाही. म्हणूनच तिचा हिशेब संकलकाने आपल्या मनाशी चोख ठेवला पाहिजे.