शिक्षा संपली, मत कुठं आहे?

मैत्रिणींनो, आपल्याकडं तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही. सुटून आलं की देता येतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तसं नव्हतं. गुलामगिरी संपल्यावर, १८६८ च्या राज्यघटनेत, गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्याचं मत काढलं. सुटल्यावरही गव्हर्नरची मेहेरबानी लागे. फटका काळ्या लोकांना जास्त बसला.

२०१८ मध्ये मतदारांनीच हे बदललं. ६० टक्के मतं हवी होती, ६४ च्या वर पडली! खून आणि लैंगिक गुन्हे सोडून सुमारे १४ लाख लोकांना हक्क मिळणार होता. पण २०१९ ला नवा कायदा आला: आधी कोर्टाचा दंड, फी भरा. बाकी किती? आमच्या गटात पासबुक उघडलं की कळतं. तिथं एका जागी हिशेबच नव्हता.