उच्च शिक्षणाचा खर्च (नंदुरबार जिल्हा)

उच्च शिक्षणाचा खर्च म्हणजे बारावीनंतरच्या शिक्षणासाठी विद्यार्थी, त्याचे कुटुंब, शासन आणि शिक्षणसंस्था यांनी केलेला एकूण व्यय होय. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यासारख्या गावातून शिकण्यास बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शुल्काइतकाच परगावी राहण्याचा खर्चही निर्णायक ठरतो.

पार्श्वभूमी

चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातील गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे.

मापन

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७५व्या फेरीत (२०१७-१८) शैक्षणिक खर्चाची नोंद अभ्यासक्रम शुल्क, पुस्तके-लेखनसाहित्य-गणवेश, प्रवास, खासगी शिकवणी आणि इतर अशा शीर्षकांखाली करण्यात आली. शिक्षणामुळे बुडणारी मजुरी, म्हणजेच संधी-खर्च, अशा नोंदीत येत नाही. हंगामी स्थलांतर करून मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांसाठी ही रक्कम महत्त्वाची असते.

शुल्क नियमन

सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या इस्लामिक अकादमी निकालानंतर व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविण्यासाठी राज्यांत समित्या नेमल्या गेल्या. महाराष्ट्रात २०१५ च्या अधिनियमान्वये शुल्क नियामक प्राधिकरण हे काम पाहते. संस्थेचा प्रत्यक्ष खर्च तपासून शुल्क ठरविले जाते. नफेखोरीस व देणगीशुल्कास मनाई आहे.

शासकीय साहाय्य

अनुसूचित जमातींच्या पात्र विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी आदिवासी विकास विभागाने २०१६-१७ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. तिचे प्रारंभीचे वार्षिक दर मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये होते. ६०,००० रुपयांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० व निर्वाहासाठी ८,००० रुपये धरले होते. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे मानल्यास भोजनासाठी दिवसाला सुमारे १०७ आणि निवासासाठी महिन्याला २,००० रुपये पडतात.

मर्यादा

खोलीची अनामत, पहिले भाडे आणि खानावळीचे पैसे प्रवेशाच्या वेळीच द्यावे लागतात, तर भत्ता नंतर हप्त्यांनी बँक खात्यात जमा होतो. मधल्या काळात कुटुंबास उसनवारी करावी लागू शकते. त्यामुळे साहाय्याची परिणामकारकता मोजताना रकमेबरोबरच ती हाती पडण्याची वेळही विचारात घ्यावी लागते.