दुर्बिणीची वाट

सोलापुरात उतारवयातल्या माणसाची लघवी तुंबली की ‘दुर्बिणीनं करून घ्या’ असा सल्ला चौकातही मिळतो. त्यामागचा इतिहास शोधताना मी सुश्रुतसंहितेपर्यंत गेलो. तिथे लघवी अडवणारी दगडासारखी गाठ, ‘वाताष्ठीला’, आहे. हिंदुस्थानात मूतखडे काढून हात बसलेल्या पीटर फ्रेयर यांनी १९०० साली लंडनमध्ये ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशय उघडून, प्रोस्टेटची वाढलेली गाठ बोटानं सोडवली. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांचा रिसेक्टोस्कोप आला. मूत्रमार्गातूनच आत पाहून विजेच्या तारेनं गाठ कापता येऊ लागली. पोटावरची जखम टळली. लेझरही त्याच वाटेनं आत जातो. १९६३ मध्ये सोलापुरात वैद्यकीय महाविद्यालय निघालं. माझ्या मते आता उशीर होतो तो लाजेपायी. तुंबलेल्या लघवीनं मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, तर दुर्बीण ती परत देत नाही.