खेळांचा रनटाइम : जावा आणि ब्रू

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा बाहेरच्यांना ठाऊक असते ते तिथल्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि तीत विणल्या जाणाऱ्या डेनिम कापडामुळे. परंतु अशा गावांचा अलीकडचा इतिहास जो कोणी लिहील, त्याने कारखान्यांच्या जोडीला २०१० च्या आगेमागे गावोगाव उभ्या राहिलेल्या मोबाइलच्या टपऱ्यांचीही नोंद घ्यावी, असे मला मनापासून वाटते. या टपऱ्यांत मेमरी कार्डात गाण्यांबरोबर खेळही भरून मिळत, आणि खेळ मागणाऱ्या पोराला दुकानदार प्रथम विचारी, ‘हँडसेट कोणता?’ नोकिया ३११० असेल तर १२८ बाय १६० ची फाइल, २७०० किंवा ५१३० असेल तर २४० बाय ३२० ची. माप चुकले की अर्धा खेळ पडद्याबाहेर जाई, आणि फोनात जावाच नसेल तर फाइल उघडतच नसे.

हा जावा म्हणजे खेळाची आज्ञावली ज्याच्या आधारावर चालते तो रनटाइम. सन कंपनीने १९९५ साली जाहीर केलेल्या जावा भाषेची फोनसाठी बेतलेली आवृत्ती २००० च्या सुमारास सिद्ध झाली. फोनाच्या प्रोसेसरला थेट आज्ञा न देता मधल्या दुभाष्याकरवी काम करून घेणे ही तिची पद्धत, म्हणून ती मंद, परंतु कोणत्याही कंपनीच्या हँडसेटवर रुजू होणारी. तिच्या विरुद्ध बाजूस क्वालकॉमची २००१ ची ब्रू प्रणाली होती. तिच्यावरील खेळ सी भाषेत लिहिलेले, थेट प्रोसेसरवर धावणारे, म्हणून चपळ. मात्र प्रत्येक खेळाची चाचणी होऊन त्यावर डिजिटल मोहोर उमटल्यावाचून त्यास फोनात प्रवेश नसे, आणि विक्रीही सेवा देणाऱ्या कंपनीच्या भांडारातूनच होई.

या दोहोंतील निवडीचा प्रश्न महाराष्ट्रातच ठळकपणे उभा राहिला. नवी मुंबईत ठाण मांडलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन हाती देण्याची योजना काढली, तेव्हा तिचे सारे जाळे क्वालकॉमच्या सीडीएमए तंत्रावर उभे होते. तरीही आपल्या ‘आर-वर्ल्ड’ या फोनवरील सेवा-दालनासाठी तिने ब्रू न घेता जावा पसंत केला, तर टाटा इंडिकॉमने ब्रूचा मार्ग धरला. विशाल गोंडल यांनी १९९९ साली मुंबईत स्थापन केलेल्या इंडियागेम्ससारख्या खेळ बनवणाऱ्या संस्थांना या दुफळीची झळ सोसावी लागणे क्रमप्राप्त होते, कारण एकच खेळ दोन रनटाइमसाठी दोनदा लिहावा लागे, आणि जावातही हँडसेटागणिक पडदा व कळांची मांडणी बदलत असल्याने त्याच्या अनेक प्रती काढाव्या लागत. नोकियाच्या आरंभीच्या कित्येक फोनांत तर चित्रे, ध्वनी व आज्ञावली मिळून सारा खेळ ६४ किलोबाइटांत बसवण्याची सक्ती होती. इतक्या अल्प जागेत पळणारा, उड्या मारणारा नायक उभा करणाऱ्या त्या कारागिरांविषयी मला नितांत आदर वाटतो. त्यांच्या कामाची नोंद आपल्या नियतकालिकांनी घ्यायला हवी होती.

चपळाईच्या कसोटीवर ब्रू निःसंशय सरस होता. तरीही टपरीतल्या मेमरी कार्डात शिरला तो जावाच. कारण त्याची जार-फाइल, म्हणजे सारा खेळ एकत्र बांधलेली फाइल, ब्लूटूथने एका फोनातून दुसऱ्यात विनासायास जाई. त्यात कर्त्यांचा महसूल बुडाला, हे खरेच, आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. पण त्याच नकलांमुळे ते खेळ पुढे टिकले. अँड्रॉइडचा अंमल सुरू झाल्यावर जुने फोन मोडीत निघाले, तरी ‘जे-टू-एम-ई लोडर’सारख्या अनुकारक आज्ञावलीवर त्या फाइली आजही चालतात. ब्रूची भांडारे मात्र बंद झाली, मोहोर एकेका यंत्राशी बांधलेली असल्याने नकला फिरल्याच नाहीत, आणि आता ते खेळ मिळवायचे तर जुना हँडसेट उघडून त्याची मेमरी चिप वाचावी लागते. टाटा इंडिकॉमचा असा फोन कुणाच्या कपाटात पडून असेल, तर तो भंगारात देण्याची घाई करू नये.